तरफ कुठे बसवायची? जुन्या स्प्रिंग एअर रायफलींच्या रूपाची गोष्ट

जुन्या एअर रायफलींच्या शौकिनाला त्याची आवडती बंदूक विचारा. छरा किती वेगाने सुटतो हे तो नंतर सांगेल. आधी अक्रोडाचा दस्ता, पोलादावरची निळसर काळी झिलई आणि एकूण बांधा यांचं कौतुक ऐकावं लागेल. गंमत म्हणजे हा बांधा निव्वळ हौसेने घडलेला नाही. बंदुकीत एक दणकट स्प्रिंग आणि तिच्यापुढे पिस्टन असतो; स्प्रिंग सुटली की पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोराने छरा सुटतो. ही स्प्रिंग हाताने दाबायची तर लांब तरफ लागते, आणि ती कुठे बसवली यावरच बंदुकीचं रूप ठरत गेलं.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे नळीचीच तरफ करणे. नळी बिजागरीतून खाली मोडली की स्प्रिंग दाबली जाते, उघड्या तोंडात छरा ठेवायचा आणि नळी मिटायची. बंदूक सडपातळ राहते, पण बिजागरी सैल झाली की नेम चुकू लागतो.

यावर बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज यांनी तोडगा काढला. १९०४च्या त्यांच्या पेटंटात नळी जागची हलत नाही. तरफ तिच्या खाली समांतर असते आणि छरा वरच्या, नळाच्या चावीसारख्या फिरणाऱ्या तोटीत टाकतात. १९०५पासून बीएसएने (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) ही रायफल बनवायला घेतली. सैन्यासाठी ली-एनफिल्ड रायफली घडवणारा हा कारखाना. त्यामुळे ही बंदूक खेळणं वाटत नाही, जबाबदार माणसाच्या हातातली वस्तू वाटते. १९४७ची वेबली मार्क ३ याच वळणाची. १९४८मध्ये बीएसएच्या एअरस्पोर्टरने तरफ चक्क पुढच्या लाकडाच्या पोटात दडवली. लाकूड जरा गुबगुबीत झालं खरं, पण खालची रेषा अशी स्वच्छ झाली की लांबून पाहणाऱ्याला ती शिकारीची रायफलच वाटावी. माझं मत विचाराल तर देखणेपणात हिच्यापुढे दुसरी नाही.

जर्मनीत मात्र मोडत्या नळीचीच चलती जास्त राहिली. रास्टाट गावात १८९०मध्ये सुरू झालेल्या मायर अँड ग्रामेल्सपाखरच्या बंदुकांवर डायना देवीचं चिन्ह असे: धनुष्य टाकून दिलेलं, हातात उंच धरलेली एअर रायफल. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीची यंत्रं आणि हे नावसुद्धा नुकसानभरपाईत ब्रिटनकडे गेलं. मग स्कॉटलंडच्या मदरवेलमध्ये मिलब्रो या कंपनीच्या ‘डायना’ बनू लागल्या, आणि अस्सल जर्मन माल ब्रिटनमध्ये ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. म्हणून त्या काळातल्या बंदुकीवर डायना लिहिलेलं दिसलं तरी ती रास्टाटचीच असेल असं नाही. नाव मूळ घरी परतायला १९८४ उजाडलं.

त्याच सुमारास वायराउख या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या एचडब्ल्यू ७७ या रायफलीने जुनं गणित मोडलं. नळी पक्की, तरफ खाली, पण तोटी गायब: तरफ ओढली की सिलिंडरच मागे सरकतो आणि छरा थेट नळीच्या बुडात बसतो. तोवर नेम धरायला बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीची चलतीही आली होती. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, साध्या दुर्बिणी त्यात खिळखिळ्या होत, म्हणून त्या बसवण्याची पकडही भक्कम करावी लागली. डोळा उंचावर आला, तसा गाल टेकायला दस्ताही वर उचलला गेला. जुन्या मंडळींना हे रूप बोजड वाटतं, आणि दिसण्यापुरतं ते खरंही आहे.