होम प्लेटवरचा अडथळा: ऑब्स्ट्रक्शन की इंटरफिअरन्स?

बेसबॉलमध्ये होम प्लेटपाशी (धाव पूर्ण करण्यासाठी गाठायची शेवटची जागा) रनर (बेस या थांब्यांवरून पुढे धावणारा खेळाडू) आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागचा क्षेत्ररक्षक) एकमेकांवर आदळले, की दोन्ही संघ अडथळ्याची तक्रार करतात. नियमांत मात्र हे दोन वेगळे दोष आहेत. चेंडू हाती नसताना आणि तो अडवण्याच्या प्रयत्नातही नसताना क्षेत्ररक्षकाने रनरची वाट रोखली, तर ते ऑब्स्ट्रक्शन. फलंदाजी करणाऱ्या संघाने क्षेत्ररक्षकाच्या कामात व्यत्यय आणला, तर ते इंटरफिअरन्स. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाचा इथेच घोळ होतो, कारण तिथे ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ हा दोष फलंदाजाच्या माथी येतो.

इंटरफिअरन्समध्ये चेंडू कुठून आला हे आधी पाहावे लागते. फटकावलेला चेंडू अडवणाऱ्या क्षेत्ररक्षकाला रनरने वाट द्यायलाच हवी, मग धडक चुकून का होईना. क्षेत्ररक्षकाने फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र रनरचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. ऑब्स्ट्रक्शनमध्ये हेतूचा प्रश्नच येत नाही. २०१३ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकेतील मेजर लीग या अव्वल व्यावसायिक लीगची अंतिम मालिका) तिसऱ्या सामन्यात बोस्टनचा विल मिडलब्रुक्स चेंडूसाठी झेपावून तिसऱ्या बेसजवळ जमिनीवर पडला होता आणि सेंट लुईसचा ॲलन क्रेग त्याला अडखळला. पुढे क्रेगला होम प्लेटवर टॅग केले गेले (बाद करण्यासाठी चेंडू हाती धरून स्पर्श केला गेला), तरी धाव मान्य होऊन सामना ५-४ असा तिथेच संपला. निर्णय कठोर वाटला, पण नियमाला धरून होता.

होम प्लेटवर तर पंचाची नजर कॅचरच्या पायांवर आणि चेंडूवर एकाच वेळी हवी. मे २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी अशाच एका धडकेत पायाला गंभीर इजा होऊन उरलेल्या हंगामाला मुकला आणि २०१४ पासून मेजर लीगमध्ये धडकेचा स्वतंत्र नियम आला. चेंडू हाती नसलेला कॅचर वाट रोखू शकत नाही, मात्र येणाऱ्या फेकीची दिशा किंवा उसळी त्याला त्या वाटेत ओढत असेल तर दोष धरला जात नाही. कॅचरच्या हातात चेंडू कधी आला आणि तो आधीपासूनच वाटेत उभा होता का, यावरच खरा निवाडा ठरतो. उलट रनर आपली वाट सोडून मुद्दाम कॅचरवर आदळला, तर कॅचरच्या हातून चेंडू निसटला तरी रनर बाद.