पॅलिओ आणि केटो: भाकरी दोन्हीत बंद, पण कामून?

परभणी-जालन्याकडं जिमला जाणाऱ्या पोरांना विचारा, पॅलिओ अन् केटो हे दोन डाएट त्यांना एकच वाटतात, भाकरी सोडा अन् अंडी-मटण हाणा. भाकरी दोन्हीत बंद हे खरंय, पण कारणं पार वेगळी आहेत.

पॅलिओचा हिशोब काळाचा. शेती सुरू झाली साधारण १० ते १२ हजार वर्षांपूर्वी, त्याच्या आधी माणूस शिकार करून, रानातून गोळा करून जे खायचा तेवढंच चालतं, म्हणजे मटण, मासे, अंडी, फळं, कंद, मध, अन् धान्य, डाळी, दूध, साखर बाद. १९८५ मधे ईटन आणि कॉनर या दोघांनी मेडिकल जर्नलमधे हा विचार मांडला, तिथून गाजावाजा सुरू झाला.

केटोला आदिमानवाशी काही घेणं नाही. १९२१ मधे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या दवाखान्यातले डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी तो फिट येणाऱ्या पेशंटसाठी सुचवला. दिवसभराचे कार्ब (धान्य, साखर, फळांतले पिष्ट-गोड पदार्थ) २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवले की लिव्हर चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवतं अन् शरीर त्याच्यावर चालतं, बस एवढंच.

म्हणून पनीर केटोत बिनधास्त अन् पॅलिओत नाही (तुपाला काही पॅलिओवाले सूट देतात, ते त्यांचं त्यांना माहीत). उलट रताळं, बोरं, मध पॅलिओत चालतं, अन् केटोत एका केळातच अर्धा कोटा उडतो.

आता ज्वारी. मोझांबिकच्या एका गुहेत १ लाख वर्षांहून जुन्या दगडी हत्यारांवर रानज्वारीचा स्टार्च सापडल्याचं २००९ मधे छापून आलं, त्यामुळं 'आदिमानव धान्याला शिवतच नव्हता' हे मला तरी लई कच्चं वाटतं. केटोवाल्याला मात्र याचं सोयरसुतक नाही, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब, विषय संपला! हुरड्याच्या आगटीजवळ त्यानं नुसतं दही चाटत बसायचं.

व्यायामाबद्दल केटो काहीच सांगत नाही, पॅलिओवाले मात्र चालणं, ओझं उचलणं यावर भर देतात. टांझानियातले हाडझा लोक अजून शिकार करून जगतात, रोज कितीतरी चालतात, तरी २०१२ च्या अभ्यासात देहाच्या मानानं त्यांच्या कॅलरी शहरी माणसाएवढ्याच जळत होत्या, म्हणजे चालण्यानं बाकी फायदे होतील पण नुसत्या चालण्यानं पोट उतरेल हा हिशोब जुळत नाही. अजून एक, दिवसाचे जवळपास १० तास ते बसूनच असतात, पण बऱ्याचदा उकिडवं, खुर्चीत नाही. असं आपल्याकडं खुरपायला जाणाऱ्या बाया बसतात, जिमवाल्या पोरांना दोन मिनिटं बसवून बघा.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय केटो धरू नका, डोस तोच ठेवून कार्ब तोडले की साखर एकदम खाली येऊ शकते. पॅलिओत नेमकं उलटं, मध अन् फळं 'नैसर्गिक' म्हणून दाबून खाल्ली की ती वर चढते.