उलटी हवा मारणारा रेडिएटरचा पंखा : पार्श्वभूमी

उसाच्या फडात तोडणी यंत्र चालू असले की त्याच्याभोवती पाचटाचा आणि धुळीचा असा लोट उठतो की रेडिएटरपुढची जाळी थोड्याच वेळात भरून जाते. रेडिएटरमागचा पंखा हवा आत ओढत असल्याने तोच हा कचरा जाळीवर घट्ट बसवतो. हवेची वाट बंद झाली की पाण्याचे तापमान चढते आणि चालकाला यंत्र उभे करून कॉम्प्रेसरच्या नळीने हवा मारावी लागते. भाताच्या किंवा गव्हाच्या हार्वेस्टरवर, जंगलातील लाकूडतोडीच्या यंत्रांवर आणि कचरा डेपोतील लोडरवरही हेच घडते. या अडचणीवर निघालेल्या उपायांपैकी सर्वांत कल्पक उपाय म्हणजे पात्यांचा कोन चालू स्थितीत बदलणारा पंखा. त्यात पंख्याचा शाफ्ट त्याच दिशेने आणि त्याच वेगाने फिरत राहतो. प्रत्येक पाते मात्र आपल्या मुळाशी वळते, हवेचा प्रवाह उलटतो आणि काही सेकंदांत जाळी मोकळी होते. हीच यंत्रणा एरवी पात्यांचा कोन गरजेपुरता कमी-जास्त करून इंजिनाची शक्तीही वाचवते. जहाजे, जलविद्युत केंद्रे आणि विमाने यांत ही कल्पना फार आधी रुळली होती. रेडिएटरपर्यंत ती उशिरा का पोचली, हे समजण्यासाठी पंख्याच्या मूळ अडचणीपासून सुरुवात करावी लागते.

रेडिएटरच्या पंख्याचा आकार नेहमी सर्वांत वाईट दिवसासाठी ठरवला जातो. भर उन्हाळा, पूर्ण भार आणि यंत्राचा जमिनीवरील वेग अगदी कमी, अशा स्थितीतही इंजिन तापू नये, हा हिशेब त्यामागे असतो. पण यंत्राचे बहुतेक तास अशा स्थितीत जात नाहीत. हिवाळ्यातल्या सकाळी, रिकाम्या फेरीत किंवा नुसते उभे असताना तो पंखा गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा फेकत असतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती इंजिनाकडूनच घेत असतो. पंख्याला लागणारी शक्ती ही वेगाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग २० टक्क्यांनी कमी झाला तर शक्ती जवळपास निम्म्यावर येते. अवजड यंत्रांत पंखा इंजिनाच्या शक्तीपैकी साधारण ५ ते १० टक्के शक्ती खातो, असे मानले जाते. तरीही पट्ट्यावर चालणाऱ्या साध्या पंख्याने अनेक दशके राज्य केले, कारण इंधन स्वस्त होते आणि पट्टा व पुली यांत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते.

शक्ती वाचवण्याचे पहिले प्रयत्न पात्यांवर नव्हे, तर वेगावर झाले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोटारींमध्ये सिलिकॉन द्रवावर चालणारा व्हिस्कस क्लच आला. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की त्यातील द्विधातूची पट्टी वळते, द्रव क्लचमध्ये उतरतो आणि पंखा वेग घेतो. काही मोटारींत लवचिक पात्यांचे पंखे बसवले जात. वेग वाढला की त्यांची पाती आपोआप सपाट होत आणि भार कमी होई. कोन बदलण्याचाच हा प्रकार होता, पण त्यावर कोणाचे नियंत्रण नव्हते. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या ट्रकांवर हवेच्या दाबाने चालू-बंद होणारे पंख्याचे क्लच वाढले. रेल्वेचा मार्ग वेगळा होता. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनात रेडिएटरचा प्रचंड पंखा एडी करंट क्लचमधून, म्हणजे चुंबकीय ओढीने शक्ती पुढे देणाऱ्या क्लचमधून, फिरे आणि पाण्याच्या तापमानानुसार त्याचा वेग बदले. पुणे आणि कल्याणच्या डिझेल शेडमधील कारागिरांच्या कित्येक पिढ्यांना हा क्लच तोंडपाठ होता. या साऱ्या युक्त्यांनी शक्ती वाचली, पण कचऱ्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला, कारण त्यांतली एकही हवा उलटी फिरवू शकत नव्हती.

पात्याचा कोन बदलण्याची कल्पना याहून खूप जुनी आहे. इंग्लंडमध्ये बेनेट वुडक्रॉफ्ट याने १८४४ मध्ये कोन बदलता येणाऱ्या जहाजी पंख्याचे (प्रोपेलरचे) पेटंट घेतले होते. पण वाफेचे इंजिन स्वतःच उलट फिरू शकत असल्याने जहाजांना त्याची निकड भासली नाही. खरी गती आली ती पाण्याकडून. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील प्राध्यापक व्हिक्टर काप्लान यांनी १९१० च्या दशकात अशी जलटर्बाइन मांडली की जिची पाती, पाण्याचा प्रवाह कमी-जास्त होईल तशी, चालू असतानाच वळवता येत. पोकळ शाफ्टमधून जाणारा दांडा, मधल्या गड्ड्यात (हबमध्ये) बसवलेला तेलाच्या दाबाचा पिस्टन आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक आखूड भुजा, ही रचना तेव्हा घडली आणि आजच्या रेडिएटरच्या पंख्यातही ती ओळखता येते. १९२० च्या दशकात स्वीडनमधील लिला एडेट येथे अशी मोठी टर्बाइन बसली. ती बांधणाऱ्या कार्लस्टाड्स मेकानिस्का वेर्कस्टाड या कारखान्याने पुढे हेच कसब जहाजाच्या पंख्यासाठी वापरले आणि १९३७ पासून ‘कामेवा’ नावाने असे पंखे दिले. एव्हाना जहाजांत डिझेल इंजिने आली होती. ती उलट फिरवायची तर आधी थांबवून पुन्हा उलट दिशेने सुरू करावी लागत, आणि बंदरात शिरताना हा खेळ धोक्याचा होता. पाती वळवली की इंजिन एकाच दिशेने फिरत असतानाही जहाज मागे येते, हा फायदा तिथे निर्णायक ठरला. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, कारण कोन ‘बदलणे’ इथे पहिल्यांदा कोन ‘उलटवण्या’पर्यंत गेले आणि ते रोजच्या कामाचे झाले.

विमानांत कारण वेगळे होते. उड्डाणाच्या वेळी योग्य असलेला पात्यांचा कोन वेगाने जाताना अयोग्य ठरतो. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये हेले-शॉ आणि बीचम यांनी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या वॉलेस टर्नबुल यांनी विजेच्या मोटरने कोन बदलणारा पंखा तयार केला आणि १९२७ मध्ये ओंटारियोतील कॅम्प बॉर्डन येथे विमानावर तो यशस्वीपणे तपासला गेला. अमेरिकेत फ्रँक कॉल्डवेल यांच्या देखरेखीखाली हॅमिल्टन स्टँडर्डने केलेल्या कामाला १९३३ ची कॉलियर ट्रॉफी हा तिथल्या विमानक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पाती उलट्या कोनात नेऊन धावपट्टीवर ब्रेक लावण्याची सोय मोठ्या विमानांत येऊ लागली. आज लहान विमानतळांवर उतरणारी एटीआर विमाने थांबताना जो जोरकस आवाज करतात, त्यामागेही हीच सोय असते.

हवेच्या मोठ्या पंख्यांनी, म्हणजे खाणी आणि वीज केंद्रे यांतील पंख्यांनी, हे तंत्र आपापल्या गरजेपुरते उचलले. औष्णिक वीज केंद्रांत भट्टीला हवा देणारे आणि धूर ओढणारे अक्षीय पंखे, म्हणजे शाफ्टच्या रेषेत हवा ढकलणारे पंखे, स्थिर वेगाने फिरतात आणि भार बदलेल तशी त्यांची पाती चालू असतानाच वळतात. भारतात भेलचा तमिळनाडूतील राणिपेट कारखाना असे पंखे बनवतो. भूमिगत कोळसा खाणीत आग लागली तर धूर कामगारांकडे जाऊ नये म्हणून मुख्य पंख्याने वायुप्रवाह उलटवता यावा, अशी अपेक्षा खाणींच्या नियमांत फार पूर्वीपासून आहे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील भूमिगत खाणींनाही ती लागू पडते. हवा मध्यातून घेऊन कडेला फेकणाऱ्या जुन्या केंद्रापसारी पंख्यांत ते दारे आणि बगलमार्ग बांधून साधले जाई. अक्षीय पंख्यात मोटर उलटी फिरवली किंवा पाती वळवली की काम होते.

रेडिएटरच्या पंख्यात उलटेपणा आधी आला तो हाताने. जुन्या काही बुलडोझरांवर प्रत्येक पाते सैल करून, वळवून पुन्हा बसवता येईल असे पंखे होते. थंडीत पंखा हवा आत ओढे आणि इंजिनावरून तापलेली हवा उघड्यावर बसलेल्या चालकाला ऊब देई. उन्हाळ्यात पाती उलटी केली की तीच गरम हवा पुढच्या बाजूला फेकली जाई. म्हणजे हंगामातून एकदा, यंत्र बंद ठेवून, पान्याने करायचे हे काम होते. कचरा उडवण्याचा विचार त्यात नव्हता. पण पाते कोणत्या बाजूला झुकले आहे एवढ्यावरच प्रवाहाची दिशा ठरते, हे यंत्रावर काम करणाऱ्यांना त्यातून हाताळून कळले होते.

नंतर हायड्रॉलिक मोटरने फिरणारे पंखे आले आणि एक सोपा उपाय हाती लागला : तेलाची दिशा बदला, मोटर उलटी फिरेल, हवा उलटी वाहील. आजही लोडर, एक्स्कॅव्हेटर आणि अनेक शेतीयंत्रांत हाच उपाय आढळतो. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एकतर पंप आणि मोटर यांमध्ये शक्तीचा बराच भाग उष्णता होऊन वाया जातो, आणि ती उष्णता पुन्हा त्याच पंख्याने बाहेर काढायची असते. दुसरे म्हणजे, पूर्ण वेगात फिरणारा पंखा आधी मंदावून थांबवल्याशिवाय उलटा फिरवता येत नाही. शिवाय सरळ फिरण्यासाठी वळण दिलेले पाते उलट फिरताना कमी हवा ढकलते. पट्ट्यावर थेट फिरणारा पंखा शक्तीच्या बाबतीत यापेक्षा काटकसरी आहे, पण त्याची दिशा बदलता येत नाही. या कोंडीतूनच पाती वळवणारा पंखा यंत्रांवर आला. कॅनडातील एडमंटन येथील फ्लेक्सेअर आणि जर्मनीतील शोर्नडॉर्फ येथील हेगेले कंपनीचा क्लीनफिक्स ही या क्षेत्रातली सर्वांत परिचित नावे. एकीच्या भोवती लाकूडतोड आणि खाणकाम, दुसरीच्या भोवती धान्य व चाऱ्याची शेती, असा तो परिसर पाहिला तर या पंख्याचा जन्म प्रयोगशाळेपेक्षा कचऱ्याच्या ढिगाजवळ झाला, असे म्हणायला हरकत नाही.

रचना वरकरणी साधी वाटते. गड्ड्यात एक पिस्टन असतो. त्याच्या खाचेत प्रत्येक पात्याच्या मुळाची केंद्रापासून सरकवलेली खुंटी बसते. दाबाची हवा किंवा तेल पिस्टनला ढकलते आणि सारी पाती एकाच वेळी वळतात. दाब गेला तर स्प्रिंग पात्यांना पुन्हा थंडाव्याच्या कोनात आणते, जेणेकरून नळी फुटली तरी इंजिन तापून बसू नये. अवघड भाग दोन आहेत. स्थिर नळीतून येणारी हवा फिरत्या गड्ड्यात नेणारा सांधा धूळ, उष्णता आणि हादरे सोसत हजारो तास टिकला पाहिजे. तसेच वेगाने फिरणारे पाते आपणहून सपाट होऊ पाहते, त्यामुळे त्या ओढीचा हिशेब स्प्रिंग आणि प्रतिवजने यांत आधीच धरावा लागतो.

पाते उलट्या कोनात नेण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिल्या मार्गात पाते सपाट स्थितीतून जाते. त्या क्षणी ते फिरण्याच्या प्रतलात आडवे असते, हवा ढकलत नाही आणि पट्ट्यावरचा भार जवळपास नाहीसा होतो. पुढे ते दुसऱ्या बाजूला झुकते. यात पुढची कड पुढेच राहते, पण पात्याचा बाक उलट्या बाजूला पडतो आणि उलटा झोत काहीसा दुबळा होतो. दुसऱ्या मार्गात पाते वळत-वळत शाफ्टच्या रेषेत उभे होते आणि तसेच पुढे जाते. यात बाक योग्य बाजूला येतो, त्यामुळे झोत जोरदार मिळतो, पण मागची कड पुढे येते, आणि मधल्या क्षणी रुंद पाते हवेत उभे राहत असल्याने रेडिएटर व इंजिन यांच्यामध्ये जास्त जागा ठेवावी लागते. नुसती शक्ती वाचवणे हा हेतू असेल तर पहिला मार्ग सरस ठरतो, कारण सपाट स्थितीच्या जवळ पाती कितीही वेळ ठेवता येतात. चिकटलेला भुसा उडवायचा असेल तर दुसऱ्याचे पारडे जड होते. उलटा झोत मात्र दोन्हींत काही सेकंदांपुरताच असतो, कारण तेवढ्या वेळात इंजिनाच्या कप्प्यातली गरम हवा रेडिएटरमधून बाहेर पडत असते. ठरावीक मिनिटांनी आपोआप होणारी ही सफाई चालकाला बटण दाबूनही करता येते.

एकविसाव्या शतकात धुरावरचे नियम कडक होत गेले तसा पंख्यावरचा बोजा वाढला. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी अनेक इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो, आणि त्यातून काढलेली उष्णता अखेर रेडिएटरवरच येते. टर्बोची हवा, हायड्रॉलिक तेल आणि वातानुकूलन यांचे कूलर त्याच जागेत एकापुढे एक रचले गेले. त्यांच्या पातळ पत्र्यांमधील फटी अरुंद झाल्या आणि अरुंद फटींत कचरा लवकर अडकतो. भारतात बांधकाम यंत्रांसाठी धुराच्या नियमांचा ‘सीईव्ही टप्पा ४’ एप्रिल २०२१ पासून लागू झाला आणि ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांसाठी ‘ट्रेम टप्पा ४’ जानेवारी २०२३ पासून. त्यामुळे परदेशी यंत्रांपुरता वाटणारा हा प्रश्न इथल्या कारखान्यांच्याही दारात आला. पुण्याजवळ चाकणला ऊसतोडणी यंत्रे बनतात आणि मजुरांची टंचाई वाढेल तशी ती राज्याच्या फडांत वाढत आहेत. पाचटाने जाळी भरण्याची तक्रार तिथे नवी नाही.

तरीही प्रत्येक यंत्रावर हा पंखा बसेल असे नाही. तो महाग आहे, त्यातले हलणारे भाग देखभाल मागतात, आणि आपल्याकडील ५० अश्वशक्तीच्या आतील ट्रॅक्टरला साधा पंखा आणि स्वच्छ जाळी एवढे पुरते. काही हार्वेस्टर फिरत्या गोल जाळीने आणि तिच्यावरचा भुसा ओढून घेणाऱ्या नळीने हेच काम वेगळ्या प्रकारे करतात. विजेवर चालणाऱ्या बस आणि यंत्रांत तर अनेक लहान मोटरपंखे ओळीने बसवलेले असतात. त्यांतल्या प्रत्येकाचा वेग व दिशा नियंत्रकातून बदलता येते, त्यामुळे पाती वळवण्याचे कारणच उरत नाही. पाती वळवणाऱ्या पंख्याची जागा आता मुख्यतः मोठ्या डिझेल यंत्रांत आहे, जिथे पंख्याला कित्येक किलोवॉट शक्ती लागते, ती पट्ट्यातून थेट घेणेच परवडते आणि जाळीवर दिवसभर कचरा बसत राहतो.