पान्हा आणि भोवतालची माणसे

गोठ्यात परका माणूस शिरला किंवा कुत्रे अंगावर धावून आले की गाय पान्हा चोरते, हे धार काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. कासेत दूध असते, पण ते खाली उतरत नाही. ईली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी १९४१ मध्ये घाबरलेल्या गायींवर प्रयोग करून यामागे भीतीच्या वेळी स्रवणारे ॲड्रिनलिन हे संप्रेरक असल्याचे दाखवले आणि १९४८ मध्ये मायकेल व नाइल्स न्यूटन या दाम्पत्याने हाच प्रश्न माणसाच्या बाबतीत विचारला. बाळाला पाजत असताना आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणे, पायाचे बोट दुखेल असे ओढणे, भराभर गणिते घालणे असे त्रास त्यांनी दिले. शांतपणे पाजताना बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळत होते, ते ९९ ग्रॅमवर आले. आणि तसाच त्रास चालू असताना आईला दूध बाहेर ढकलणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले, तेव्हा ते पुन्हा १५३ ग्रॅमपर्यंत पोहोचले. प्रयोग एकाच आईवर झालेला होता, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. मात्र ताणामुळे दूध आटत नाही, ते आतल्या आत अडते, ही गोष्ट त्यातून स्वच्छ दिसली.

स्तनपानात दोन संप्रेरकांची कामे वेगवेगळी असतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते, तर ऑक्सिटोसिन दुधाच्या ग्रंथींभोवतालच्या बारीक स्नायूंना आकुंचित करून ते बाहेर ढकलते. ऑक्सिटोसिन मनःस्थितीला फार लवकर दाद देते. बाळाच्या नुसत्या रडण्याने काही आयांना पान्हा फुटतो, आणि वेदना, भीती किंवा संकोच असेल तर तो अडू शकतो. म्हणूनच पाजणाऱ्या बाईच्या भोवती कोण आहे आणि ती माणसे काय बोलत आहेत, हा शरीरशास्त्राचाही प्रश्न ठरतो.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सव्वा महिना बाळंतिणीला कामाला हात लावू द्यायचा नाही, तिला शेक द्यायचा, बाळाला न्हाऊ घालायला बाई यायची, आणि दूध यावे म्हणून अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शतावरी असा सगळा थाट असायचा. या पदार्थांनी दूध वाढते याचे पुरावे तोकडे आहेत. पण लाडू कोणीतरी वळलेला असतो, आणि तो हातात मिळतो तेव्हा स्वयंपाकाची चिंता दुसऱ्याने वाहिलेली असते. माझ्या मते अळिवापेक्षा या विसाव्याचे श्रेय अधिक असावे.

मात्र ज्या घरात हात मदतीला असतात, त्याच घरात जिभाही असतात. बाळ संध्याकाळी किरकिर करू लागले की ‘हिला दूध पुरत नाही’ असा निकाल लागतो आणि बाटली किंवा वाटी-चमचा पुढे येतो. पहिल्या काही आठवड्यांनंतर दुधाचे प्रमाण मुख्यतः स्तन किती वेळा आणि किती रिकामा होतो यावर ठरते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ कमी ओढते, म्हणून पुढचे दूध कमी तयार होते, आणि आधी जो निव्वळ समज होता तो आठवड्याभरात खरा ठरतो. जगभरात स्तनपान लवकर सुटण्याचे जे कारण आया वारंवार सांगतात, ते ‘दूध पुरत नाही’ हेच.

चिकाची कथा तर अधिक विचित्र आहे. गायीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या अनेक घरांत आईचा पिवळसर, घट्ट चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकला जाई आणि बाळाच्या जिभेवर मध किंवा गुळाचे पाणी ठेवले जाई. चीक एका वेळी जेमतेम चमचाभर येतो, पण रोगांशी लढणारी प्रतिपिंडे त्यात विपुल असतात, आणि नवजात बाळाची त्या वेळची गरजही तेवढीच असते.

तरीही सगळा दोष आजीच्या पदरात टाकता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीच्या दरम्यान भारतात रुग्णालयात होणारी बाळंतपणे ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेली, सहा महिन्यांखालील निव्वळ स्तनपान ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर पोहोचले. पण जन्मानंतर तासाभरात पाजल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ एवढेच सरकले. रुग्णालयालाही आपली एक संस्कृती असते. सिझेरियननंतर आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये नातेवाइकांची व कर्मचाऱ्यांची धावपळ, हा तिचाच भाग आहे.

सव्वा महिन्याचा विसावा सगळ्यांच्या वाट्याला येतही नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर मिळाले, पण या तरतुदी ऊसतोडीच्या फडापर्यंत पोहोचत नाहीत. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मजुरीची उचल आधीच घेतलेली असते, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा बाईचे बाळ कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, मोठ्या बहिणीच्या मांडीवर असेल, तर दर दोन-तीन तासांनी पाजण्याचा सल्ला तिला कितीही पटला तरी तिच्या उपयोगाचा नसतो.

मदत पद्धतशीरपणे पोहोचवता येते का, याचे एक उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघरी पाठवले. स्तनपानाला मदत हा त्यांच्या कामाचा एक भाग होता, आणि त्या सगळ्या कामाचा मिळून परिणाम म्हणजे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये देशभर लागू झालेल्या गृहाधारित नवजात सेवेत, रुग्णालयात बाळंतपण झाले असल्यास, आशा ताईची पहिली घरभेट तिसऱ्या दिवशी ठरवलेली आहे. साधारण याच सुमारास चीक संपून दूध उतरू लागते, स्तन दाटतात, बाळाला नीट पकडता येत नाही आणि घरात वरच्या दुधाची चर्चा सुरू होते. त्या वेळी बाळाचे तोंड कसे लागले आहे हे शेजारी बसून पाहणारी आणि ‘एवढेच येते, हे पुरते’ असे सर्वांसमोर सांगणारी बाई दारात आलेली असते.