गोलकीपरच्या वाट्याचा अर्धा सेकंद

हॉकीपटू ध्यानचंदांचा जन्मदिवस, 29 ऑगस्ट, जवळ आला की त्यांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक होतं म्हणून चेंडू तिला चिकटून राहायचा, ही गोष्ट फोनवर फिरू लागते. परदेशात त्यांची स्टिक मोडून तपासली म्हणे! त्या काळी हॉकीचा चेंडू कातड्याचा असे, आत बूच आणि दोरा. चुंबक कातड्याला ओढत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. बरं, चेंडूत लोखंड होतं असं घटकाभर धरू. मग स्टिकला चिकटलेला चेंडू गोलात जायचा कसा? 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी 14 गोल केले, म्हणजे निदान 14 वेळा तरी तो सुटला असणार. एवढ्या मोठ्या खेळाडूचं कसब चुंबकाच्या खात्यावर जमा करून आपण वर त्याचा अभिमान बाळगतो, याचं मला नवल वाटतं.

मग गोल करणाऱ्याचं कसब असतं कशात? हॉकीचा गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच. ताशी 100 किलोमीटरने निघालेला चेंडू 14 मीटर अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. डोळ्यांना दिसलेलं मेंदूत पोचून स्नायू हलायला लागेपर्यंत त्यातला 0.2 सेकंद खर्च होतो. उरलेल्या वेळात जड पॅड बांधलेल्या माणसाने कोपऱ्यात झेप घ्यायची. म्हणून चांगला गोलकीपर चेंडू सुटायची वाट बघतच नाही. मारणाऱ्याचा पाय, कंबर, खांदा बघून तो आधीच अंदाज बांधतो. खरा गोल करणारा हा अंदाज चुकवतो किंवा बांधूच देत नाही.

पेनल्टी कॉर्नरवरची (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणाऱ्या संधीवरची) ड्रॅग-फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकला लावून ओढत नेऊन गोलाकडे फेकणं, मला आवडते ती यामुळेच. नियम असा की पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका स्टिक फिरवून मारलात, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू 460 मिलिमीटरच्या वर नसावा, म्हणजे गोलातल्या फळीएवढाच. फ्लिकला ही मर्यादा नाही. पण फ्लिकमध्ये स्टिक मागे नेऊन हाणता येत नाही. मग वेग येतो कुठून?

थोडं गणित करू. 160 ग्रॅमच्या थांबलेल्या चेंडूला फटक्याने सेकंदाला 28 मीटर वेग द्यायचा आणि स्टिकचा स्पर्श दोन मिलिसेकंद टिकतो असं धरलं, तर सरासरी बल सुमारे 2,200 न्यूटन येतं, म्हणजे सव्वादोनशे किलो वजनाइतकं. फ्लिकमध्ये धावत आलेला खेळाडू चेंडू स्टिकला लावून दोनेक मीटर ओढत नेतो. सुरुवातीचा वेग सेकंदाला 4 मीटर आणि त्वरण एकसारखं मानलं, तर v² = u² + 2as (v शेवटचा वेग, तोच 28; u सुरुवातीचा वेग, a त्वरण, s अंतर) वरून त्वरण सुमारे 192 मीटर प्रति सेकंद² येतं आणि बल फक्त 31 न्यूटन! जेमतेम तीन किलोचं वजन. प्रत्यक्षात त्वरण एकसारखं नसतं. पाय रोवला जातो, आधी कंबर फिरते, मग धड, मग हात, सगळ्यात शेवटी मनगट. प्रत्येक टप्पा आधीच्याचा वेग घेऊन पुढे जातो, त्यामुळे शेवटचा जोर मोठा असतो. तरी मुद्दा तोच राहतो: बल कमी, अंतर जास्त.

आणि अंतर जास्त म्हणजे वेळही जास्त. चेंडू सेकंदाचा आठवा भाग स्टिकला लागून असतो आणि त्यातल्या अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिशा बदलता येते. 14 मीटरवरून दोन खांबांमधला कोन 15 अंशांहूनही कमी भरतो. मनगट एका अंशाने वळलं की चेंडू गोलरेषेवर 24 सेंटिमीटर सरकतो. कंबर एका कोपऱ्याकडे आणि मनगट दुसऱ्याकडे, असं झालं की गोलकीपरचा अभ्यास वाया. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या हरमनप्रीत सिंगने सर्वाधिक, 10 गोल केले. टीव्हीवर मात्र बोलणं सारं चेंडूच्या वेगाचं; त्याची कंबर कुणी दाखवत नाही.

मैदानी गोलांत, म्हणजे चालू खेळात होणाऱ्या गोलांत, हेच काम डिफ्लेक्शन (आलेल्या चेंडूला स्टिक लावून त्याची दिशा वळवणं) करतं. गोलसमोर चार मीटरवर उभ्या खेळाडूने सेकंदाला 20 मीटरने आलेल्या पासला नुसती स्टिक लावली, तर चेंडू 0.2 सेकंदात आत जातो. ताकद जवळजवळ शून्य, आणि गोलकीपरची प्रतिक्रिया सुरू होण्याआधीच फळी वाजलेली असते. अवघड एवढंच, की पास निघण्याआधी तिथे पोचलेलं असावं लागतं.