लघुदृष्टी आणि वाहिनीविस्फारक औषधे

लघुदृष्टीत, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याच्या दोषात, नेत्रगोल मागच्या दिशेने लांबतो. रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे देऊन ही वाढ रोखता येईल का, याविषयीचे संशोधन.

लघुदृष्टीचा रक्ताभिसरणाशी संबंध जोडण्याची कल्पना जुनी असली तरी तिची दिशा आजच्या, म्हणजे डोळ्याला रक्त कमी पडते या, विचाराच्या नेमकी उलट होती. नेदरलँड्समधील यूट्रेक्टचे नेत्रवैद्य डॉंडर्स यांनी 1864 च्या ग्रंथात दोष दिला तो जास्तीच्या रक्ताला : मान खाली घालून वाचल्याने डोळ्यात रक्त साचते, आतला दाब वाढतो आणि मागचे पडदे ताणले जातात. या मतावरून निघणारा उपाय रक्त उतरवण्याचा. म्हणजे वाहिन्या रुंदावण्याच्या उपचाराचा उगम त्यांच्या मतात शोधता येत नाही. रक्त कमी पडते हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत नेत्रवैद्यकात ठळक झाला. तेथील नेत्रवैद्य अव्हेतिसोव्ह यांनी समायोजनाच्या (जवळचे पाहण्यासाठी भिंगाचा आकार बदलण्याच्या क्षमतेच्या) दुर्बलतेला महत्त्व दिले आणि ती रोमक स्नायूच्या, म्हणजे भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूच्या, अपुऱ्या रक्तपुरवठ्याशी जोडली. तेथे निकोटिनिक अम्लासारखी विस्फारके वापरात होती.

पुढे लक्ष रोमक स्नायूवरून रंजितपटलाकडे, म्हणजे दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराकडे, वळले. डोळ्यातील बहुतांश रक्त याच पटलातून वाहते आणि तीव्र लघुदृष्टीत ते पातळ आढळते. चीनमधील वेन्झो येथील गटाने 2018 मध्ये श्वेतपटलातील (नेत्रगोलाच्या बाहेरच्या पांढऱ्या, चिवट आवरणातील) ऑक्सिजनच्या कमतरतेचा सिद्धांत मांडला : ऑक्सिजन घटला की तेथील पेशींचे रूप पालटते, पटलाला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन कमी होते, पटल सैल पडून ताणले जाते. 2020 च्या प्रयोगात गिनीपिगांच्या एका डोळ्यासमोरील दृश्य धूसर करून त्यात लघुदृष्टी निर्माण करण्यात आली. डोळ्याभोवती प्राझोसिन टोचल्यावर रंजितपटलातील रक्तप्रवाह वाढला व लघुदृष्टीची वाढ मंदावली. प्राझोसिन मुळात उच्च रक्तदाबावरचे औषध. त्याच अल्फा-1 रोधक (वाहिन्या आकसवणारा संदेश अडवणाऱ्या) वर्गातील बुनाझोसिनच्या थेंबांनीही उंदरांत असाच परिणाम दिसल्याचे 2023 मध्ये जपानी संशोधकांनी नोंदवले.

पातळ रंजितपटल हे कारण की नेत्रगोल ताणल्याचा परिणाम, हा वाद मिटलेला नाही. औषधाने प्रवाह वाढवताच लघुदृष्टी मंदावते, ही गोष्ट पहिल्या पक्षाला अधिक अनुकूल वाटते; मात्र तो पुरावा प्राण्यांपुरताच आहे. शिवाय पोटात घेतलेले विस्फारक सर्व शरीरातील वाहिन्या रुंदावते. रक्तदाब फार उतरला तर डोळ्याला मिळणारे रक्त वाढण्याऐवजी घटूही शकते.