ड्रायव्हरची तक्रार कळवताना मॉडेलचे नाव नको, चिपचा क्रमांक हवा

संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवल्यावर वाय-फाय दिसत नाही, ही आमच्या विक्री-दुरुस्तीच्या कामात सर्वाधिक येणारी तक्रार आहे, आणि तिच्यासोबत बहुतेक वेळा खोक्यावरील मॉडेलचे नाव तेवढे लिहून येते. कोणता ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) लागेल, हे त्या नावावरून आम्हाला फारसे ठरवता येत नाही. उत्पादक एकाच नावाखाली पुढच्या आवृत्तीत सर्रास दुसऱ्याच कंपनीची चिप बसवतात. खोके तेच राहते, बदल दिसतो तो फक्त मागच्या स्टिकरवरील 'व्ही२', 'व्ही३' अशा बारीक अक्षरांत, आणि कधी कधी तोही दिसत नाही.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उपकरण ओळखतो ते क्रमांकांच्या जोडीवरून. पहिला क्रमांक चिप किंवा उपकरण बनवणाऱ्याचा असतो (संगणकाच्या आतील पीसीआय उपकरणांत इंटेलचा ८०८६, एएमडीच्या ग्राफिक्स चिपांचा १००२) आणि दुसरा त्या विशिष्ट चिपचा किंवा उपकरणाचा. संगणकाच्या आतील कार्डासाठी टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएन' पर्यायासह (lspci -nn) द्यावी, यूएसबी डोंगलसाठी (बाहेरून लावायच्या छोट्या वाय-फाय उपकरणासाठी) 'एलएसयूएसबी' (lsusb) पुरते. जी ओळ उमटेल ती जशीच्या तशी पाठवावी. मात्र काही डोंगल लावताक्षणी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ०बीडीए:१ए२बी (0bda:1a2b) हा क्रमांक दिसला, तर तो रिअलटेकच्या डोंगलच्या याच सीडी-रूपाचा आहे, वाय-फाय चिपचा नव्हे.

हा क्रमांक न पाहता ग्राहक मॉडेलच्या नावावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर जातात, 'लिनक्स सपोर्ट' असे लिहिलेली झिप फाइल उतरवून घेतात आणि तिच्यातील ड्रायव्हर स्वतः बसवतात. आमचा सर्वाधिक वेळ जातो तो इथेच. तो ड्रायव्हर ज्या काळच्या कर्नलसाठी लिहिलेला असतो त्यावर चालतोही. परंतु कर्नलची अंतर्गत रचना कायम राखण्याचे बंधन कर्नलकर्ते मुद्दामच पाळत नाहीत, त्यामुळे कर्नलमध्येच सामील असलेले ड्रायव्हर प्रत्येक बदलाबरोबर दुरुस्त होत जातात आणि बाहेरचा ड्रायव्हर मागे पडतो. मग एखाद्या अपडेटनंतर तो नव्या कर्नलसाठी संकलित (कंपाइल) होत नाही, किंवा सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी केलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा सोय) चालू असल्यास डिजिटल स्वाक्षरी नसल्यामुळे कर्नल तो नाकारतो, आणि दुरुस्तीसाठी लागणारे इंटरनेट नेमके त्याच वाय-फायवर अवलंबून असते. अशा वेळी संगणक सुरू होताना प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडल्यास बहुधा काम चालते. आमच्याकडे येईपर्यंत एवढे अवश्य करावे.

झिपची खरे तर गरजही नसते, ही यातली चुटपुट लावणारी बाब. रिअलटेकच्या ८८२१सीयू चिपचा ड्रायव्हर ६.२ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे, तरीही त्याच चिपवर जुना बाहेरचा ड्रायव्हर लादलेले संगणक आमच्याकडे येतात आणि आधी तो उपटून काढावा लागतो. कित्येकदा तर ड्रायव्हर हजर असतो, उणीव असते ती फर्मवेअरच्या, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फाइलची. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून अशा फाइली मुख्य इन्स्टॉलरमध्येच दिल्या आहेत.

क्रमांक मिळाल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही, हे काहींना अडवणुकीचे वाटते. पण अंदाजाने ड्रायव्हर बसवून देणे आम्हाला सोपे असले तरी पुढच्या अपडेटला तोच संगणक परत येणार, हे आम्हाला दिसत असते. बाहेरचा ड्रायव्हर आम्ही बसवतच नाही असे नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना तो अनेकदा लागतो. कंपनीने २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचे कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) खुले केले असले तरी ते ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्ड-पिढ्यांपुरतेच आहेत. तिथेही आम्ही संगणकावरील लिनक्स वितरणाच्या अधिकृत सॉफ्टवेअर-भांडारातील पॅकेजच वापरतो, म्हणजे कर्नल बदलला की मॉड्यूलही सोबत येते किंवा नव्याने संकलित होते.

नवे उपकरण घ्यायचे असल्यास खरेदीपूर्वीच विचारावे. त्या सल्ल्याचे आम्ही शुल्क घेत नाही. आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक कार्डासोबत आणि डोंगलसोबत चिपचा क्रमांक व लागणारी किमान कर्नल आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी मिळते. अन्यत्र घेतलेल्या उपकरणाची तक्रार कळवताना वरील ओळीबरोबर 'यूनेम' आज्ञेला 'आर' पर्याय देऊन (uname -r) मिळणारी कर्नलची आवृत्ती आणि सिक्युअर बूट चालू आहे की बंद, एवढे लिहावे.